पुण्ण : एका दुर्मिळ नावाचा अर्थ, उगम आणि प्रसार



आपल्या पूर्णा गावात नुकताच एक नामकरण विधी झाला. त्रिशरण-पंचशील झाले, पूजापाठ झाला आणि बाळाच्या आत्याने नाव उच्चारले, "पुण्ण." क्षणभर सगळे गप्प झाले. मग आजोबांनी न राहवून विचारले, "हे कसलं नाव? पूर्णा गावात जन्मला म्हणून पुण्ण की काय? उद्या शाळेत पोरं त्याला पुन्या म्हणतील." बाळाच्या वडिलांनी ते नाव कोठेतरी वाचले होते, पण त्यामागची हकीकत काही त्यांना नीट सांगता आली नाही.

आजोबांचा प्रश्न रास्त होता. आपण मुलांना नाव देतो, पण नावाबरोबर त्याची कथा देत नाही. मग ते नाव नुसते हजेरीपटावर राहते. पुण्ण हे नाव तर आपल्या याच किनाऱ्यावरचे आहे, आणि तरीही ते आपल्याकडे क्वचितच ऐकू येते. म्हणून या नावाचा अर्थ काय, ते आले कोठून आणि कोठवर गेले, याचा थोडा अभ्यास या लेखात करू.

नावाचा अर्थ

'पुण्ण' हा पालि शब्द आहे. संस्कृतात जो 'पूर्ण', तोच पालि भाषेत 'पुण्ण'. भरलेला, काहीही उणे न राहिलेला, असा त्याचा अर्थ. 'भरणे' असा अर्थ असलेल्या धातूपासून तो झाला आहे. आपण रोज बोलतो ते पुरणे, पुरे, पुरवणे हे शब्द त्याच कुळातले. पोळीत भरतात ते पुरणही तेच.

पूर्ण याचे पुण्ण कसे झाले, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. संस्कृतातील 'र्ण' या जोडाक्षराचे पालि व प्राकृत भाषांत 'ण्ण' होते, आणि त्याआधीचा दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. कर्ण, कण्ण आणि मग मराठीत कान. पर्ण, पण्ण आणि मग पान. चूर्ण, चुण्ण आणि मग चुना. त्याच वाटेने पूर्णिमेची पुण्णिमा झाली आणि तिची आपल्या आजीच्या तोंडी पुनव झाली. म्हणजे पुण्ण हा शब्द आपल्याला वाटतो तेवढा परका नाही. वैशाखी पुनवेत तो आपण दरवर्षी उच्चारतो. पौर्णिमा, पूनम ही मुलींची नावेही त्याचीच भावंडे आहेत, आणि ती मात्र घरोघरी आढळतात.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. पुष्कळ जण 'पुण्ण' म्हणजे 'पुण्य' असे समजतात. ते बरोबर नाही. पुण्य याचे पालि रूप 'पुञ्ञ' असे आहे. पुण्ण म्हणजे पूर्ण, पुञ्ञ म्हणजे पुण्य. कानाला दोन्ही जवळचे वाटले, तरी शब्द वेगळे आहेत.

दुसरी गोष्ट आपल्या गावाच्या नावाची. पूर्णा हे नाव महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहे. विदर्भात पूर्णा नदी आहे, मराठवाड्यातही पूर्णा नदी आहे आणि परभणी जिल्ह्यात पूर्णा हे रेल्वे जंक्शन आहे. तेव्हा आपले गाव पूर्णा आणि स्थविरांचे नाव पुण्ण, एवढ्या अक्षरसाम्यावरून गावाचे नाव त्यांच्यावरून पडले असे कोणी म्हणू नये. साम्य म्हणजे पुरावा नव्हे. आपल्या परिसराचे स्थविर पुण्णांशी असलेले नाते याहून भक्कम गोष्टींवर उभे आहे. ते पुढे पाहू.

पुण्ण नावाच्या व्यक्ती

बौद्ध वाङ्मयात हे नाव अनेकांनी धारण केलेले दिसते. त्यांपैकी तिघांची ओळख आपल्याला असली पाहिजे.

पहिले पुण्ण मन्तानीपुत्त, म्हणजेच पूर्ण मैत्रायणीपुत्र. हे कपिलवस्तूजवळच्या द्रोणवस्तू गावचे आणि अञ्ञा कोण्डञ्ञ यांचे भाचे. धम्मकथन करणाऱ्या भिक्खूंमध्ये भगवंतांनी त्यांना अग्रस्थान दिले. मज्झिम निकायातील रथविनीत सुत्तात सारिपुत्त आणि पुण्ण यांचा संवाद आहे. मुक्कामाला पोहोचण्यासाठी राजा जसा एकामागून एक सात रथ बदलतो, तसे साधकाने एकेक टप्पा मागे टाकत पुढे जायचे असते, हा दृष्टान्त त्यात येतो.

दुसरी पुण्णा, जिला पुण्णिका असेही म्हणतात. ही अनाथपिण्डिकाच्या घरची दासी. कडाक्याच्या थंडीतही मालकिणीच्या धाकाने नदीवरून पाणी भरणारी. थेरीगाथेत तिचा एका ब्राह्मणाशी झालेला संवाद आहे. तो ब्राह्मण पाप धुण्यासाठी गारठलेल्या पाण्यात उतरत होता. पुण्णेने त्याला विचारले, पाण्याने पाप धुतले जात असेल, तर पाण्यातच राहणारे बेडूक, कासवे, मगरी सगळे स्वर्गालाच गेले पाहिजेत. आणि नदी पाप वाहून नेत असेल, तर पुण्यही वाहून नेईल, मग तुझ्याजवळ उरेल काय? ब्राह्मण निरुत्तर झाला आणि बुद्धाला शरण गेला. दासीने केलेला हा बुद्धिवाद अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे, हे आपल्या मुलींना जरूर सांगावे.

तिसरे स्थविर पुण्ण. हे आपल्या अपरान्ताचे, म्हणजे कोकण किनाऱ्याचे. त्यांचे गाव सुप्पारक, संस्कृतात शूर्पारक, म्हणजेच आजचे नालासोपारा. भिवंडीहून अंजूरफाटा, कामण, चिंचोटी असे गेले की वसई-सोपारा येते. एवढ्या जवळचा हा महापुरुष आपल्याला परका राहावा, ही खेदाची गोष्ट आहे.

सोपाऱ्याचे स्थविर पुण्ण

पुण्णांची कथा दोन परंपरांत आली आहे. पालि अट्ठकथेनुसार ते सुप्पारकचे व्यापारी. मालाच्या गाड्यांचा तांडा घेऊन ते श्रावस्तीला गेले, तेथे त्यांनी बुद्धवचन ऐकले आणि माल भावाच्या हवाली करून भिक्खू झाले. संस्कृतातील दिव्यावदान ग्रंथात 'पूर्णावदान' आहे. ते जास्त विस्तृत असून आपल्याला अंतर्मुख करणारे आहे.

त्यात भव नावाचा एक श्रीमंत गृहस्थ शूर्पारकात राहतो. तो आजारी पडला तेव्हा बायको-मुलांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. एका दासीने सेवा करून त्याला वाचवले. त्याच दासीच्या पोटी त्याचा पुत्र जन्मला. मुलगा जन्मला त्या दिवशी भवाची सगळी कामे आणि व्यवहार पूर्ण झाले, म्हणून मुलाचे नाव ठेवले पूर्ण. पुढे बाप वारला आणि भावांची वाटणी झाली. एका वाट्यात घर आणि शेत, दुसऱ्या वाट्यात दुकान आणि परदेशी गेलेला माल, आणि तिसऱ्या वाट्यात कोण? पूर्ण! दासीचा मुलगा म्हणून तो भाऊ गणला गेला नाही, मालमत्तेत गणला गेला. थोरला भाऊ भविल याने मात्र घर आणि दुकान सोडून पूर्णाचा वाटा मागून घेतला.

पुढे हाच पूर्ण आपल्या हुशारीने मोठा व्यापारी झाला. थंडीत कुडकुडणाऱ्या एका मोळीवाल्याकडून त्याने लाकडे घेतली, त्यांत त्याला मौल्यवान गोशीर्ष चंदन ओळखता आले. तेथून त्याचे दिवस पालटले. त्याने अनेक सागरी सफरी केल्या. अशाच एका सफरीत श्रावस्तीचे व्यापारी पहाटे काहीतरी म्हणत होते. त्याने विचारले, ही गाणी कोणती? ते म्हणाले, ही गाणी नव्हेत, बुद्धाची वचने आहेत. बुद्ध हा शब्द त्याने तेव्हा प्रथम ऐकला आणि सारे वैभव सोडून तो श्रावस्तीला गेला. अवदानात चमत्कारही पुष्कळ आहेत. ते बाजूला ठेवले तरी माणूस उरतो, आणि आपल्याला माणसाशीच कर्तव्य आहे.

यापुढचा प्रसंग मज्झिम निकायातील पुण्णोवाद सुत्तात आहे आणि संयुत्त निकायातही आहे. पुण्णांनी भगवंतांकडे थोडक्यात उपदेश मागितला आणि सुनापरान्तात जाण्याची इच्छा सांगितली. भगवान म्हणाले, तेथील लोक उग्र आणि कठोर आहेत. त्यांनी शिव्या दिल्या तर काय करशील? पुण्ण म्हणाले, हाताने मारत नाहीत, तेवढे ते भले, असे मी समजेन. हाताने मारले तर? ढेकळे मारत नाहीत, हे बरे. ढेकळे मारली तर? काठीने मारत नाहीत. काठीने मारले तर? शस्त्र चालवत नाहीत. शस्त्र चालवले तर? जीव घेत नाहीत. आणि जीवच घेतला तर? तेव्हाही त्यांच्या मनात द्वेष उमटणार नव्हता. भगवंतांनी त्यांच्या संयमाची प्रशंसा करून त्यांना जाण्याची अनुमती दिली. त्याच वर्षावासात पुण्णांनी त्या प्रदेशात पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका घडवल्या, असे सुत्त सांगते.

हा संयम म्हणजे भित्रेपणा नव्हे. भित्रा माणूस अशा प्रदेशात पाऊलच टाकणार नाही. पुण्ण स्वतःहून गेले आणि काम पुरे करूनच थांबले.

दगडात आणि रंगात राहिलेली साक्ष

सुनापरान्त कोणता, याबद्दल ब्रह्मदेशातही एक परंपरा आहे. तेथे इरावती नदीच्या पश्चिमेकडील भागाला हे नाव दिले जाते. पण पुण्णांचे गाव सुप्पारक, हे पालि अट्ठकथा आणि संस्कृत अवदान दोन्ही सांगतात. सोपारा हे प्राचीन काळी मोठे बंदर होते. कल्याण, नाणेघाट, जुन्नर, पैठण अशी व्यापाराची वाट या भागातून जात असे, आणि कान्हेरीच्या शिलालेखांत सोपारा व कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत. कार्ल्याच्या लेण्यातील एका स्तंभावर सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाचे दान कोरलेले आहे.

सन १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारा येथे 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखला जाणारा उंचवटा खणला. तो बौद्ध स्तूप निघाला. आत दगडी पेटी होती. पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, भिक्षापात्राचे तुकडे, बुद्धांच्या लहान मूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आणि १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. स्तूपातील अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत जपून ठेवले आहेत. नाण्यावरून ते अवशेष पुण्णांच्या नंतर काही शतकांनी ठेवलेले दिसतात. तेव्हा हा स्तूप खुद्द पुण्णांनी बांधला असे म्हणता येत नाही. पण त्यांच्या गावी धम्म रुजला होता आणि टिकला होता, याचा तो ढळढळीत पुरावा आहे.

अजिंठ्याला जाणाऱ्यांनी दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पूर्णावदानाचे चित्र अवश्य पाहावे. वादळात सापडलेले गलबत तेथे रंगवले आहे. सोपाऱ्याच्या दासीपुत्राची कथा अशा रीतीने महाराष्ट्राच्या भिंतीवर आजही उभी आहे.

नाव दुर्मिळ का राहिले?

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातील एकतिसाव्या श्लोकात कोणाचे नाव कसे असावे हे सांगितले आहे. ब्राह्मणाचे मंगल, क्षत्रियाचे बलदर्शक, वैश्याचे धनदर्शक आणि शूद्राचे नाव तुच्छतादर्शक असावे, असा तो दंडक. म्हणजे माणूस पाळण्यात असतानाच त्याची पायरी ठरवून टाकायची! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले, त्यात हा दंडकही जळाला.

आपल्या आजोबा-पणजोबांची नावे आठवा. कचरू, धोंडू, दगडू, केरू. मूल जगावे म्हणून अशी नावे ठेवण्याची रीत इतर समाजांतही होती, हे खरे. पण इतरांकडे तो नवस होता, आपल्याकडे ती रोजची हाक झाली. चांगले नाव असले तरी गावाच्या तोंडी ते मोडून-तोडूनच येई.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर पाळण्यातील नावे बदलली. सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, अशोक, मिलिंद, नागसेन, सुजाता, यशोधरा, संघमित्रा, विशाखा, आम्रपाली अशी नावे घरोघरी आली. बाबासाहेबांनी स्वतः वाट दाखवली होती. मुंबईच्या महाविद्यालयाला त्यांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ हे नाव दिले. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय आणि नागसेनवन ही नावे आली. मिलिंद, नागसेन ही नावे आपल्याला परिचयाची झाली ती संस्थांमुळे. पुण्णांच्या नावाला अशी पाटी मिळाली नाही. त्यांची कथा पालि आणि संस्कृत ग्रंथांत राहिली, भीमगीतांत आणि जलशांत फारशी उतरली नाही. उच्चारही थोडा अवघड. त्यामुळे घरचे नाव घराबाहेर राहिले, असे मला वाटते.

देशोदेशी हे नाव

आपण विसरलो, तरी जगाने हे नाव जपले. पूर्ण मैत्रायणीपुत्र जपानमध्ये 'फुरुना' या नावाने ओळखले जातात. वक्तृत्व उत्तम असले की 'फुरुनाची वाणी' असे तेथे म्हणतात. नारा शहरातील कोफुकुजी मंदिरात त्यांची आठव्या शतकातील मूर्ती आहे. सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या आठव्या प्रकरणात त्यांना भावी बुद्धत्वाचे आश्वासन मिळते. नेपाळात पूर्णबहादूर आणि बंगाल-ओडिशात पूर्णचंद्र ही नावे सर्रास आढळतात. ती बौद्ध परंपरेतूनच आली असे नव्हे, शब्द मात्र तोच. आणि मुलींसाठी एक ताजे उदाहरण आहे. आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबातली, सरकारी निवासी शाळेत शिकणारी मालावथ पूर्णा हिने २५ मे २०१४ रोजी, वयाची चौदा वर्षे पुरी होण्याआधीच, एव्हरेस्ट शिखर सर केले.

नाव मोठे की माणूस?

कोणी म्हणेल, बौद्धांनी नावाला एवढे महत्त्व का द्यावे? प्रश्न योग्य आहे. मिलिंद प्रश्नात भदंत नागसेन राजाला प्रथम हेच सांगतात की, नागसेन हे केवळ व्यवहारासाठी दिलेले नाव आहे. जशी चाके, आस, जू मिळून रथ म्हणतात, तसेच ते. नामसिद्धि जातकात पापक नावाचा विद्यार्थी चांगले नाव शोधायला निघतो. वाटेत त्याला मेलेला जीवक दिसतो, मजुरी आणली नाही म्हणून मार खाणारी धनपाली दासी दिसते आणि वाट चुकलेला पंथक भेटतो. तो समजून चुकतो की नावाने काही होत नाही, कर्माने होते.

मग दुसऱ्याने तुच्छतेने दिलेले नाव का सोडायचे? कारण ते नाव माणसाच्या कर्मावरून नव्हे, जन्मावरून दिलेले होते.

आता पुण्णेच्या नावाकडे पुन्हा पाहा. अट्ठकथा सांगते की, ती जन्मली तेव्हा अनाथपिण्डिकाच्या घरच्या दासींची शंभर संख्या पूर्ण झाली, म्हणून तिचे नाव पुण्णा. सोपाऱ्याचा पूर्ण जन्मला तेव्हा मालकाचे व्यवहार पूर्ण झाले, म्हणून तो पूर्ण. दोन्ही नावे मालकाच्या हिशोबाच्या वहीतली! त्यात मुलांचे स्वतःचे काही नव्हते. पण एकीने आपल्या बुद्धीने आणि दुसऱ्याने आपल्या क्षमेने व कष्टाने त्या नावाचा अर्थ बदलून टाकला. आज पुण्ण म्हटल्यावर मालकाची वही कोणाला आठवत नाही. पुण्णच आठवतात.

म्हणून आजोबांना उत्तर असे : नाव गावावरून नाही, आजोबा. ज्याला भावांनी वाटणीत घातले आणि ज्याने आपल्या किनाऱ्याला धम्म दिला, त्याच्यावरून आहे. पोरांनी पुन्या म्हटले, तर नातवाने त्यांना ही कथा सांगावी.

पालकांना एक व्यावहारिक सूचना. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी. नाव ठरले नसेल तर नावाशिवायही नोंद होते, आणि बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते. नाव घालताना मराठी व इंग्रजी दोन्ही अक्षरे स्वतः तपासून घ्यावीत. 'पुण्ण'चे 'पुन्ना' किंवा 'पूना' झाले की पुढे शाळेचा दाखला, जातीचा दाखला, सगळीकडे तीच चूक फिरत राहते.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. पुण्ण आणि पुञ्ञ या शब्दांतील फरक सांगा.

२. पुण्णिकेने ब्राह्मणाला कोणता प्रश्न विचारला? आजच्या कोणत्या समजुतीला तो विचारता येईल?

३. आपल्या घरातील चार पिढ्यांची नावे लिहून काढा. कोणत्या पिढीत नावे बदलली आणि का, ते वडीलधाऱ्यांना विचारा.

४. आपल्या स्वतःच्या नावाचा अर्थ शोधा आणि तो पूर्ण करण्यासाठी आपण काय करणार, ते पाच ओळींत लिहा.

भवतु सब्ब मंगलं! जय भीम!